भुताचा पिक्चर बघून आल्यावर निकाल कसा द्यायचा

हॉरर पिक्चर बघून बाहेर पडणारी माणसं साधारण दोन टाईपची असतात. एक म्हणतो "छ्या, जराही घाबरलो नाही, पैसे वाया" आणि दुसरा म्हणतो "अरे डोकं घरी ठेवून जा, फुल्ल टाईमपास आहे". आता यातून मला, म्हणजे ज्याने अजून तिकीट काढलेलं नाही त्याला, काय कळलं? काहीच नाही. पहिला माणूस मारुतीच्या देवळाशेजारी राहत असेल आणि कशालाच घाबरत नसेल, दुसऱ्याला पॉपकॉर्न गरम मिळाले की पिक्चर आवडतो. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून टाकावं की हे जे जॉनरवाले पिक्चर असतात, भुताचे, झोंबीचे, सुपरहिरोचे, मारधाडीचे, त्यांच्यावर निकाल द्यायचा तर बघायचं काय आणि लिहायचं काय. उदाहरणं भुतांची जास्त येतील, त्याला इलाज नाही, 2018 पासून आपली थेटरं बऱ्यापैकी भुतांनीच चालवलीत.

माझं म्हणणं एकच आहे. भूत खरं असतं का, झोंबी मेडिकली शक्य आहे का, हे पिक्चरला विचारायचंच नाही. पिक्चरने स्वतःच्या तोंडाने जे नियम सांगितले ते त्याने शेवटपर्यंत पाळले का, एवढं विचारायचं. व्हीएफएक्स, गाणी, हिरोचे ॲब्स हे सगळं त्याच्या नंतर.

पहिलं काम: भुताचे नियम लिहून काढा

झपाटलेला आठवा, 1993 चा, महेश कोठारेंचा. तात्या विंचूचे नियम काय होते? मंत्राच्या जोरावर तो बाहुल्यात शिरलाय, त्यातून बाहेर पडायचं तर आपलं गुपित ज्याला पहिल्यांदा सांगितलं त्याच्याच शरीरात जावं लागणार, आणि त्याला मारायचा तर गोळी दोन भुवयांच्या बरोब्बर मधे बसली पाहिजे. संपलं. या तीन गोष्टींवर अख्खा पिक्चर उभा आहे. कल्पना हॉलिवूडच्या बाहुल्यावरून घेतलेली आहे, कबूल, पण तो लक्ष्याच्याच मागे का लागलाय हे पहिलीतल्या पोरालासुद्धा कळत होतं आणि कळत होतं म्हणूनच भीती वाटत होती, आणि शेवटी महेश जाधव नेम धरतो तेव्हा थेटरातल्या प्रत्येकाला माहीत असतं की गोळी कुठे बसायला हवी.

तर थेटरात जाताना छोटी वही आणि पेन न्या. मोबाईलवर नोट्स काढू नका, ब्राईटनेस कितीही कमी केला तरी मागच्या रांगेतले काका शिव्या घालतात आणि त्यांचं बरोबर असतं. अंधारात मोठ्या अक्षरात लिहा, एका पानावर दोन ओळी, नाहीतर घरी आल्यावर स्वतःचंच लिहिलेलं लागत नाही. पहिल्या अर्ध्या तासात पिक्चर हे सांगून टाकतो: हे काय आहे, कुणाच्या मागे आहे, कुठे येऊ शकत नाही, जाणार कसं. ते उतरवा. इंटरव्हलनंतर यातला नियम मोडला की तिथे फुली मारा. नियम मोडायला हरकत नाही बरं का, पण का मोडला त्याचं कारण पिक्चरने आधी कुठेतरी पेरून ठेवलेलं पाहिजे. आयत्या वेळी बाबा येतो आणि पोथीतलं आणखी एक पान सापडतं, ते चालणार नाही.

या परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क घेणारा आपला पिक्चर म्हणजे तुंबाड, आणि इथे जरा थांबतो. हस्तर म्हणजे यातला शापित, राक्षसी देवपुत्र; त्याला सोनं मिळालं, धान्य मिळालं नाही, म्हणून तो कायमचा भुकेला. भुकेला आहे म्हणून पिठाची बाहुली टाकली की येतो. येतो तेवढ्या वेळात त्याच्या लंगोटातून सोन्याच्या मुद्रा काढायच्या. पिठाच्या रिंगणात त्याला येता येत नाही. आणि त्याचा हात लागला तर मरणसुद्धा मिळत नाही, नुसतं सडत राहायचं. बघा, प्रत्येक नियम आधीच्या नियमातून निघालाय, एकही वरून चिकटवलेला नाही, आणि शेवटी जे होतं (ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी गप्प बसतो) ते याच गणिताचं उत्तर आहे. माणसाचा लोभ वाढला तर या नियमांचं काय होईल, इतकाच प्रश्न पिक्चर विचारतो. राही अनिल बर्वेंनी 2012 ला शूटिंग चालू केलं, नंतर बराच भाग परत शूट झाला, रिलीज उजाडला ऑक्टोबर 2018 मधे, त्याआधी व्हेनिसच्या फिल्म फेस्टिव्हलला क्रिटिक्स वीकची सुरुवात याच पिक्चरने झाली होती. नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून, बीज नारायण धारपांच्या कथांमधलं, आणि पंकज कुमारच्या कॅमेऱ्यातला तो न थांबणारा पाऊस. कोकणातला पाऊस सुंदर दाखवणारे पुष्कळ झाले, तो आजारपणासारखा अंगाला चिकटतो हे यातच दिसलं. माझा निकाल: गेल्या दहा वर्षांत आपल्याकडे बनलेला सगळ्यात चोख भयपट, आणि संवाद हिंदीत असले तरी हाडामांसाने आपला.

आता स्त्री घ्या. 2018 चा पहिला भाग, अमर कौशिकचा, राज-डीकेनी लिहिलेला. मुळात कर्नाटकातली ती "नाळे बा", म्हणजे उद्या ये, वाली गोष्ट, ती नेऊन ठेवली मध्य प्रदेशातल्या चंदेरीत. भिंतीवर लिहायचं ओ स्त्री कल आना, ती वाचते आणि परत जाते, म्हणजे हे भूत शिकलेलं आहे आणि शब्द पाळणारं आहे, जे तिथल्या पुरुषांपैकी फारसं कुणी नाही. उत्सवाचे चार दिवस ती येणार, पुरुष उचलणार, मागे फक्त कपडे. आणि या नियमांतूनच विनोद निघतो: रात्री एकटं बाहेर जाऊ नकोस हे गावातली बाई नवऱ्याला सांगतेय. एवढं एक उलटं केलं आणि पिक्चर झाला. निकाल: मस्त, पण शेवट धूसर ठेवलाय, तो मुद्दाम की सिक्वेलच्या सोयीने याचा संशय मला तेव्हाही होता.

स्त्री 2, ऑगस्ट 2024. पब्लिकने डोक्यावर घेतला, त्या वर्षीच्या सगळ्यात जास्त कमावलेल्या हिंदी पिक्चरमधला एक. माझी वही मात्र फुल्यांनी भरली. सरकटा, म्हणजे मुंडकं नसलेलं भूत, येतो, तो नव्या विचारांच्या बायकांना उचलतो, इथपर्यंत कल्पना झकास, पहिल्या भागाची बरोब्बर उलटी बाजू. पण मग त्याला हरवायला पाहिजे तशा शक्ती निघत जातात, अक्षय कुमार येऊन जातो, शेवटच्या मारामारीत भेडिया, म्हणजे याच मालिकेतल्या दुसऱ्या पिक्चरमधला लांडगा होणारा माणूस, तोपण हजर. कोण कशाने मरतं याचा हिशोब ठेवणं मी सोडून दिलं. हसलो भरपूर, अभिषेक बॅनर्जी आणि पंकज त्रिपाठी पडद्यावर असले की हसायला येतंच. निकाल: कॉमेडी म्हणून पास, हॉरर म्हणून एटीकेटी.

मुंज्या (जून 2024) आपल्या आदित्य सरपोतदारचा, म्हणून जरा जास्त कडक बघितला. मुंज झाल्या झाल्या मेलेलं पोर पिंपळावर बसतं ही आपल्याकडची ऐकीव गोष्ट, कोकणात आजोळ असलेल्या कुणालाही सांगावी लागत नाही. पिक्चरचा चांगला नियम असा की हा मुंज्या रक्ताच्या नात्यातल्यालाच दिसतो, बाकीच्यांना पिक्चरचा हिरो बिट्टू एकटाच हवेत हात मारताना दिसतो, यातून भीती पण निघते आणि कॉमेडी पण. शिवाय त्याला बदला नको आहे, त्याला लग्न करायचंय, तेही हट्टाने, लहान पोरासारखं. सुहास जोशींची आजी आहे तोवर पिक्चरला घराचा वास येतो. पुढे सत्यराज आल्यावर आणि क्लायमॅक्सच्या गोंधळात तो वास उडतो. निकाल: पहिला अर्धा भाग उत्तम, दुसरा ठीक, पोरांना घेऊन बघावा पण रात्रीचा शेवटचा शो नको, नंतर त्यांना झोपवायचं तुम्हालाच आहे.

बाहेरच्यांमधे या नियमाच्या बाबतीत सिनर्स (2025) जरूर बघा. व्हँपायरला आत बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही हा नियम शंभराहून जास्त वर्षं घासून गुळगुळीत झालेला. रायन कूगलरने तोच घेतला आणि 1932 च्या मिसिसिपीत, काळ्या लोकांच्या गाण्याबजावण्याच्या जागेच्या दारात नेऊन ठेवला. आता दारात उभा असलेला गोरा माणूस गोड बोलून, गाणं म्हणून आत घ्या म्हणतोय. नियम जुनाच, पण जागा बदलल्यावर त्याचा अर्थच बदलला. जुना माल वापरला म्हणून मार्क कापू नका, जुन्या मालाचं काय केलं ते बघा.

दचकणं आणि भिणं

हे दोन वेगळे धरा. मांजर उडी मारून आलं आणि स्पीकरमधून ढॅण झालं की कुणीही दचकणार, त्यात दिग्दर्शकाचं कौतुक नाही, ते कान करतात. पिक्चर ओटीटीवर आला की तोच सीन आवाज बंद करून बघा. काहीच उरलं नाही तर ती भीती साऊंड इंजिनियरची होती. आणि दुसरी परीक्षा म्हणजे सीन संपल्यावर काय होतं: दचकलेली माणसं लगेच हसतात, एकमेकांकडे बघतात, पॉपकॉर्न शोधतात. भ्यालेली माणसं गप्प होतात. म्हणून जमलं तर फुकटच्या स्पेशल शोला जाऊ नका, तिकीट काढून आलेल्या पब्लिकमधे बसा आणि अधूनमधून पडदा सोडून त्यांच्याकडे बघा. चुकीच्या ठिकाणी हशा पिकला तर वहीत लिहून ठेवा, त्याच्याइतका खरा रिव्ह्यू दुसरा नाही. सीट मधल्या रांगेतली किंवा थोडी मागची घ्या, बाजूला स्पीकरखाली बसलात तर सगळेच पिक्चर भीतीदायक वाटतात.

नुसत्या शांततेवर भिववणारा माणूस आत्ता आपल्याकडे कोण असेल तर मल्याळमचा राहुल सदाशिवन. भूतकालम (2022) मधे घर, आई, मुलगा, संपलं. रेवती आणि शेन निगम. आई डिप्रेशनमधे आहे, मुलाला नोकरी नाही, दोघांचं पटत नाही, आणि बराच वेळ कळतच नाही की घरात काही आहे की यांच्या डोक्यात. त्यानंतरचा भ्रमयुगम (फेब्रुवारी 2024) तर मी प्रत्येकाला जबरदस्तीने बघायला लावतो. अख्खा ब्लॅक अँड व्हाईट. सतराव्या शतकातलं केरळ, रानात मोडकळीला आलेला वाडा, एक पळून आलेला गाणारा, एक स्वयंपाकी आणि वाड्याचा मालक कोडुमोन पोट्टी म्हणजे मामुट्टी. हा पोट्टी पाहुण्याला जेवायला घालतो, आणि मग सोंगट्यांचा डाव मांडतो. पणाला काय लावायचं, तर तुझा वेळ. हरलास की तुझा वेळ माझा. भुताने जीव मागितला तर आपण समजून घेतो, पण वेळ मागणारा मालक बघून आयटीत काम करणाऱ्या माझ्या मित्राच्या अंगावर जो काटा आला तो वेगळाच होता. यात पण नियम कडक आहेत आणि सत्ता मिळाली की माणूस कुणाचाही असो काय करतो हा धागा शेवटपर्यंत सुटत नाही. सत्तरी ओलांडलेला सुपरस्टार असा रोल घेतो, मळके दात दाखवत हसतो, त्याच्यासाठी वेगळे मार्क. निकाल: अलीकडच्या भारतीय भयपटांमधे तुंबाडच्या शेजारी बसवायचा तर हाच. त्याचा पुढचा डिएस इरे 2025 च्या ऑक्टोबर एंडला आला, प्रणव मोहनलालला घेऊन, तोही भिववतो पण भ्रमयुगमची उंची नाही.

मेसेज आहे म्हणून सूट देऊ नका

हल्ली प्रत्येक भूत सामाजिक असतं. ते वाईट नाही, नारायण धारप, रत्नाकर मतकरी वाचलेल्यांना माहीत आहे की चांगल्या भूतकथेत भुताच्या मागे काहीतरी माणसाचंच पाप असतं. प्रश्न एवढाच की ते पाप गोष्टीत मुरलंय की शेवटच्या दहा मिनिटात भाषणातून येतंय. झोंबिवली (2022) बघा, परत सरपोतदारच. डोंबिवलीत झोंबी, कारण काय तर पाणी. ज्याने उन्हाळ्यात डोंबिवलीत टँकरची वाट बघितलीये त्याला हा विनोद समजावून सांगायला नको. एका बाजूला टॉवर, दुसऱ्या बाजूला वस्ती, आणि झोंबी कोण होतंय हे बघितलं की पिक्चर कुणाच्या बाजूचा आहे ते कळतं. अमेय वाघ, ललित प्रभाकर मजा आणतात. बजेटची ओढाताण दिसते, मधे लांबतो, पण मेसेज गोष्टीतच आहे. निकाल: मराठीत असला प्रकार कुणी केला याबद्दल नाही तर केला तो बऱ्यापैकी जमवला याबद्दल शाबासकी. पहिला प्रयत्न म्हणून जास्तीचे मार्क देण्याची सवय सोडा, त्याने कुणाचंच भलं होत नाही.

लपाछपी (आपल्याकडे थेटरला 2017 ला लागला) मधे विशाल फुरियाने तर भरदिवसा, उसात भीती दाखवली. उसाच्या फडात माणूस शिरला की चार पावलांवर दिशा कळत नाही, त्याचा त्याने चक्रव्यूह केला. पूजा सावंत पोटुशी, उषा नाईकांची तुळसाबाई गोड बोलतेय, आणि लांबून पोरांचे आवाज. मुलींना मारण्याचा विषय आहे हे पोस्टरवरून कळत नाही, फडातून कळतं. शेवटाकडे मात्र तोच विषय तोंडाने सांगितला जातो, तिथे मी एक मार्क कापतो.

रिमेक असेल तर

यावरून रिमेकवर येतो. लपाछपीचा हिंदी अवतार छोरी, 2021, प्राईमवर, दिग्दर्शक तोच. कॅमेरा भारी, नुसरत भरुचाने मेहनत घेतलीये, तरी मूळचा रांगडेपणा गेला तो गेला. रिमेक बघताना ओळ न ओळ जुळवत बसू नका, बदललेल्या जागा शोधा, प्रत्येक बदलामागे कुणाचीतरी भीती असते, बहुतेक वेळा प्रोड्युसरची. उत्तम उदाहरण शैतान (मार्च 2024), जो कृष्णदेव याज्ञिकच्या 2023 च्या गुजराती वश वरून केला. वशीकरण झालेली मुलगी दोन्हीकडे जानकी बोडीवालाच आहे, म्हणजे तुलना करायला आयतीच सोय. हिंदीत माधवन हसत हसत जे करतो ते खतरनाक आहे, आणि घरातच अडकलेला बाप म्हणून अजय देवगणही बरा. पण हिरो अजय देवगण आहे हे पिक्चर शेवटी विसरत नाही. गुजरातीचा शेवट कितीतरी कडू आहे आणि म्हणून जास्त खरा. वशला बेस्ट गुजराती फिल्मचं नॅशनल अवॉर्ड मिळालं आणि जानकीला सहाय्यक अभिनेत्रीचं, ते उगाच नाही. निकाल: एकच बघायचा असेल तर वश, सबटायटल वाचायचा कंटाळा करू नका, तसंही मुंबईत वाढलेल्याला निम्मं गुजराती कळतं.

युनिव्हर्सवाले

म्हणजे एकाची पात्रं दुसऱ्यात फिरवणारे, एकमेकांना जोडलेले पिक्चर. यांच्यासाठी सोपी युक्ती: पाहुणे कलाकार आणि क्रेडिटनंतरचे सीन मनातल्या मनात कापून टाका आणि विचारा की उरलेला पिक्चर स्वतःच्या पायावर उभा राहतो का. थामा (दिवाळी 2025) नाही राहत. आयुष्मान, रश्मिका, नवाजुद्दीन, दिग्दर्शक सरपोतदार, सगळी मंडळी ओके, वेताळाची कल्पनासुद्धा आपल्या मातीतली, विक्रम-वेताळ वाचून मोठे झालेलो आपण. पण मधेच भेडियाशी मारामारी निघते आणि वाटतं की आपण पैसे देऊन पुढच्या पिक्चरची जाहिरात बघतोय. लोका (ऑगस्ट 2025) हा मल्याळम सुपरहिरो पिक्चर त्यापेक्षा खूप सरस. केरळच्या लोककथेतली नीली, जिला पिढ्यान्पिढ्या यक्षी, म्हणजे हडळीसारखी, म्हणून घाबरले, तिलाच हिरो केलं आणि बेंगळुरूत आणून सोडलं. कल्याणी प्रियदर्शन कमी बोलते, जास्त बघते. तिची जुनी गोष्ट येते तो तुकडा सगळ्यात भारी. दुसऱ्या अर्ध्यात तिथेही पुढच्या भागांची तजवीज सुरू होते, पण तोवर पिक्चरने आपलं मन जिंकलेलं असतं.

मारधाडीचं माप वेगळं

रक्त किती सांडलं याची मोजदाद करू नका, सांडल्यावर पिक्चरला काही वाटतं का ते बघा. किल (2024), निखिल नागेश भटचा, राजधानी एक्सप्रेसमधली मारामारी. टायटल पडद्यावर सुरुवातीला येतच नाही, पिक्चर चांगला रंगात आल्यावर, नको ते घडल्यावर येतं, आणि तिथून हिरो हिरो राहत नाही. आधीची हाणामारी सोडवण्यासाठी होती, नंतरची मारण्यासाठी. आणि कमाल म्हणजे डाकू सगळे एकमेकांचे काका-पुतणे-भाऊ आहेत, त्यांची माणसं मेली की ते रडतात. रडणारा व्हिलन बघितलाय का ॲक्शन पिक्चरमधे? राघव जुयाल नाचणारा म्हणून माहीत होता, इथे भीती घालतो. निकाल: ज्यांना रक्त चालतं त्यांनी चुकवू नये, ज्यांना नाही त्यांनी पोस्टरसुद्धा बघू नये.

टक्के आणि कोटी

रॉटन टोमॅटोज, म्हणजे समीक्षकांचे रिव्ह्यू गोळा करणारी वेबसाईट, तिचा आकडा बघून कुणी सांगितलं की पिक्चर शंभर टक्के आहे तर त्याला एवढंच विचारा की कशाचे शंभर. दहा जणांनी प्रत्येकी दहापैकी सहा दिले तरी दहाही जणांना "बरा वाटला" म्हणून शंभर टक्के होतात. किती जणांना आवडला ते कळतं, किती आवडला ते नाही. हॉररच्या बाबतीत हे जास्तच फसवं, कारण खरा विचित्र पिक्चर निम्म्यांना डोक्यात जातो आणि निम्म्यांच्या डोक्यात राहतो. कोटींचं तर बोलूच नका. तुंबाड 2018 ला आला तेव्हा फार चालला नाही, सप्टेंबर 2024 ला परत लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावले. पिक्चर तोच होता ना?

आता लिहायला बसा

निकाल पहिल्या दोन ओळीत सांगून टाका, लोक रिक्षात वाचतात. गोष्ट तीन वाक्यात, इंटरव्हलच्या पुढचं काही नाही. वेपन्स (2025) सारखा पिक्चर असेल, की रात्री 2:17 ला एकाच वर्गातली सतरा पोरं घरातून पळत निघून गेली, तर तेवढंच सांगा आणि गप्प बसा, कारण त्यापुढचा प्रत्येक शब्द वाचणाऱ्याच्या खिशातून काढलेला आहे. नियम मोडला असं लिहिताना शेवट फोडावा लागत असेल तर फोडू नका, "क्लायमॅक्सला पिक्चर स्वतःचंच बोलणं विसरतो" एवढं पुरतं, बघून आलेल्याला कळतं, न बघितलेल्याचं नुकसान होत नाही.

सर्टिफिकेट लिहा. नोव्हेंबर 2024 पासून यूए (आईबापांच्या देखरेखीखाली पोरांना चालेल असं सर्टिफिकेट) चे तीन भाग झालेत, 7+, 13+ आणि 16+, पण आईबापांना त्यातलं काही कळत नाही, त्यामुळे साध्या भाषेत सांगा: रक्त आहे, लहान मूल मरतं, कुत्रा मरतो (याबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात, गंमत नाही). कुठल्या भाषेत आणि कुठे बघितला तेही लिहा. डबिंगमधे मामुट्टीचा आवाज गेला की अर्धा भ्रमयुगम गेला. बाहेरच्या पिक्चरला आपल्याकडे कात्री लागते, 2025 च्या सुपरमॅनमधलं चुंबनसुद्धा छाटलं होतं, तेव्हा एखादा सीन तुटक वाटला तर दिग्दर्शकाला बोलण्याआधी जरा चौकशी करा.

स्टार द्यायचे तर द्या, पण जॉनरमधल्या जॉनरमधे द्या. मुंज्याला साडेतीन दिले आणि एखाद्या गंभीर फेस्टिव्हल पिक्चरला तीन, याचा अर्थ मुंज्या त्याच्यापेक्षा मोठा असा होत नाही, पण वाचणारे तसाच घेतात आणि मग कमेंटमधे भांडतात. मी हल्ली स्टार सोडून एवढंच लिहितो: थेटरला, घरी, की सोडून द्या. भ्रमयुगम थेटरला, छोरी घरी, आणि थामा कधीतरी सुट्टीच्या दिवशी टीव्हीवर लागलाच तर.

आणि मराठी हॉरर असेल तर शुक्रवारी रात्रीच लिहून टाका. रविवारपर्यंत विचार करत बसलात तर सोमवारी शहरात दोन शो उरतात, एक सकाळी नऊचा आणि एक भलत्याच उपनगरात, आणि तुमचा रिव्ह्यू वाचून जायचं ठरवलेल्या माणसाला बुकिंगच्या ॲपवर पिक्चरच सापडत नाही.